मसालेभात, श्रीखंड आणि साथीचे गणित



पाडव्याच्या जेवणानंतर काय झाले ते आपल्या शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. ते कशामुळे झाले हे मात्र अजून पुष्कळांना नीट ठाऊक नाही, आणि जे ठाऊक आहे असे वाटते ते चुकीचे आहे. संपादक ताईंनी विज्ञानाच्या पानासाठी लेख मागितला तेव्हा आम्ही ‘संगणक कसा चालतो’ असे काहीतरी लिहून मोकळे होणार होतो. पण घरात बोलणे झाले आणि ठरले की लिहायचे तर हेच लिहावे. नाहीतरी चूक आमचीच होती.

आधी हकीगत. रविवारी दुपारी एक वाजता पंगत बसली. प्रत्येक घरून एकेक पदार्थ आला होता. तीन-साडेतीनच्या सुमारास, मुलांचे नाटक चालू असतानाच, पहिल्या दोघांना उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत अठरा जण आडवे झाले होते. सुदैवाने दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ठीक होते, इस्पितळात कोणालाच न्यावे लागले नाही. पण रात्री फोन सुरू झाले, आणि फोनवर एकच वाक्य फिरत होते : ‘श्रीखंडच असणार. घरी लावलेलं दही, त्यात एवढ्या लांबून गाडीतून आणलेलं.’ आम्हालाही फोन आला आणि आम्हीही ‘हो ना, दुधाचे पदार्थ म्हणजे...’ असे म्हणून पुढच्या घरी फोन केला. ज्या काकूंनी श्रीखंड केले होते त्यांच्या कानावर ते गेलेच. पुढचे तीन रविवार त्या आणि त्यांची दोन्ही मुले शाळेत आली नाहीत.

आमचा धंदा संगणकाचा. काही बिघडले की यादी करायची ही सवय. आम्ही आजारी पडलेल्या अठरा जणांना फोन करून विचारले, ‘श्रीखंड खाल्लं होतं का?’ अठरापैकी चौदा जण ‘हो’ म्हणाले. झाले, गुन्हेगार सापडला! हा कागद आम्ही मोठ्या ऐटीत पालकांपैकी एका डॉक्टर ताईंना दाखवला. त्यांनी तो पाहिला आणि एकच प्रश्न विचारला : ‘जे आजारी पडले नाहीत त्यांनाही फोन केलात का?’

आम्ही केला नव्हता. आणि खरे सांगायचे तर का करायचा हेही कळले नव्हते.

तुम्हाला कळले का पाहा. आजारी पडलेल्या अठराच्या अठरा जणांनी त्या दिवशी पायात बूट घातले होते. म्हणून बुटांमुळे उलट्या होतात असे आपण म्हणत नाही, कारण जे ठणठणीत होते त्यांनीही बूट घातलेच होते. श्रीखंडाचेही तसेच असू शकेल. पाडव्याच्या दिवशी श्रीखंड कोण सोडतो? चौदा हा आकडा मोठा वाटतो तो एकटा पाहिला म्हणून. त्याच्या खाली दुसरा आकडा लिहिल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही : किती खाणाऱ्यांपैकी चौदा?

मग पुन्हा फोन. जेवायला असलेल्या सर्व ४६ जणांची यादी केली, आडवे पदार्थ आणि उभी नावे. कोशिंबीर, पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड, मसालेभात, वरण, पापड. तीन दिवसांनी ‘काय खाल्लंत’ हे आठवणे सोपे नसते. आजारी पडलेल्याला प्रत्येक घास आठवतो, बरा असलेला ‘सगळंच खाल्लं असेल’ म्हणतो. तरी जमेल तेवढे लिहिले.

श्रीखंड ३४ जणांनी खाल्ले होते, त्यांतले १४ आजारी पडले, म्हणजे शेकडा ४१. श्रीखंड न खाणारे १२ जण, त्यांतले ४ आजारी, शेकडा ३३. फरक आहे, पण बारा जणांत एखादा इकडचा तिकडे झाला तरी आकडा आठाने हलतो. एवढ्याशा फरकावर कोणाला फाशी देता येत नाही.

आता मसालेभात. खाणारे २८, आजारी १७, म्हणजे शेकडा ६१. न खाणारे १८, आजारी १.

आणि मसालेभात आमच्या घरचा होता.

आम्ही तो कागद बराच वेळ पाहत बसलो. मग स्वतःला वाचवण्यासाठी म्हणा, अजून एक वाटणी करून पाहिली. न जाणो, भात खाणाऱ्यांनीच श्रीखंडही जास्त खाल्ले असेल, आणि दोष श्रीखंडाचा असून भात उगाच बदनाम होत असेल! म्हणून दोन्ही खाणारे आणि एकच खाणारे वेगळे काढले. भात आणि श्रीखंड दोन्ही खाणाऱ्या २१ जणांपैकी १३ आजारी, नुसता भात खाणाऱ्या ७ पैकी ४ आजारी. जवळजवळ सारखेच. नुसते श्रीखंड खाणाऱ्या १३ पैकी १ आजारी. दोन्ही न खाणाऱ्या ५ पैकी कोणीच नाही. श्रीखंड असो वा नसो, भात असला की उलट्या, भात नसला की नाहीत. पळवाट संपली.

राहिला तो एक, भात न खाता आजारी पडलेला. चार वर्षांचा मुलगा. त्याच्या आईने शपथेवर सांगितले की त्याने पुरी आणि श्रीखंडाखेरीज कशाला तोंड लावले नाही. आठवड्याने त्याच्या आजोबांना आठवले की ‘बाळाला माझ्या ताटातले दोन घास भरवले होते मी.’ कसले घास, तर मसालेभाताचे!

आता कारण. आम्ही भात शनिवारी रात्री केला. मोठे पातेले, पन्नास माणसांचा. ते फ्रिजमध्ये मावेना, म्हणून झाकण ठेवून रात्रभर ओट्यावरच ठेवले, सकाळी भरपूर गरम केले आणि आणले. आपल्या आया-आज्या असेच करत आल्या, मग बिघडले कुठे? तांदळाला बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूंची बीजे चिकटलेली असतात. ही बीजे इतकी चिवट की भात शिजला तरी ती मरत नाहीत. भात कोमट होत असताना ती रुजतात, जंतू वाढतात आणि एक विष तयार करतात. मोठ्या पातेल्याचा मध्यभाग तासन् तास कोमट राहतो, म्हणजे त्यांच्यासाठी मऊ गादीच. सकाळी पुन्हा गरम केल्यावर जंतू मरतात, पण ते विष उकळूनही जात नाही. म्हणून ‘चांगला गरम केला होता हो’ या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. उलट्या दोन-तीन तासांतच सुरू झाल्या हाही एक धागा आहे. जंतू पोटात जाऊन तिथे वाढायचे म्हटले तर बहुधा निम्मा दिवस किंवा जास्त लागतो. इतक्या लवकर त्रास होतो तेव्हा विष बहुतेक ताटातच तयार असते.

उरलेला भात आम्ही त्याच दिवशी टाकून दिला होता, त्यामुळे प्रयोगशाळेत तपासायला काही उरले नाही. जंतूचे नाव पुराव्यानिशी सांगता येणार नाही. पण भात दोषी, हे सांगायला सूक्ष्मदर्शक लागला नाही. एक कागद आणि ४६ फोन पुरले.

या विद्येला मराठीत साथरोगशास्त्र म्हणतात. डॉक्टर समोरच्या रोग्याला विचारतो, ‘तुला काय होतंय?’ साथरोगशास्त्र विचारते, ‘कोणाला झालं, कोणाला नाही झालं, आणि त्या दोघांत फरक काय?’ दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा, आणि तोच विचारायचा राहून जातो.

हा प्रश्न नेटाने विचारणाऱ्यांपैकी एक म्हणजे लंडनचे डॉक्टर जॉन स्नो. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकी, म्हणजे कॉलरा, उसळली आणि दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे गेली. त्या काळी जाणकारांचे मत होते की पटकी दुर्गंधीने, दूषित हवेने होते. स्नो यांनी मेलेल्यांची घरे शोधली, तर बहुतेक जण ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाचे पाणी पिणारे निघाले. पण ते तिथे थांबले नाहीत. जवळच एक अनाथगृहासारखी मोठी संस्था होती, पाचशेच्या वर माणसे राहत, त्यांतली फक्त पाच गेली. हवा तीच, मग हे कसे वाचले? त्यांची विहीर वेगळी होती. शेजारच्या दारूच्या भट्टीतल्या कामगारांपैकीही कोणी मेले नाही. त्यांना बिअर फुकट मिळे, ते पंपाचे पाणी पीतच नसत. (मुलांनो, यातून भलता अर्थ काढू नका.) उलट मैलोगणती दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई पटकीने गेली. तिच्या आसपास कोणालाच पटकी नव्हती. चौकशी केल्यावर कळले की तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती रोज तिथून बाटली भरून मागवायची. आजोबांच्या ताटातले दोन घास आम्हाला आठवले ते यामुळेच.

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांचा हा प्रामाणिकपणा आम्हाला दांड्यापेक्षाही मोठा वाटतो. पटकीचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी जगाला पटवून दिले ते १८८४ च्या सुमारास, म्हणजे तीस वर्षांनी.

लंडनची गोष्ट पुस्तकांत सापडते. आपल्या मुंबईची मुलांना कोणी सांगत नाही, आणि ती तर आपल्या घरातली आहे. तुमच्यापैकी कोणाचे आजी-आजोबा सध्या इकडे आले असतील तर त्यांना विचारा, त्यांच्या आजीने प्लेगच्या झोपड्यांबद्दल काही सांगितले होते का. घरात उंदीर पडू लागले की अख्खे गाव चूल-बोळकी घेऊन माळावर जायचे आणि महिनोन् महिने झोपडीत राहायचे. शहरातल्या शिकलेल्या लोकांना तो अडाणीपणा वाटे. ते पुढे पाहू.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात काखेत आणि जांघेत गाठ येऊन माणसे मरू लागली. हा प्लेग आहे हे ओळखले डॉ. अकासियो व्हिएगास या गोव्याच्या डॉक्टरांनी. मराठी वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिले ‘ग्रंथिक सन्निपात’. लाखो लोक शहर सोडून पळाले आणि साथ त्यांच्याबरोबर पुण्याला, साताऱ्याला, कोकणात गेली. पुण्यात रँडसाहेबाचे सोजीर घरात घुसून झडत्या घेऊ लागले, माणसे ओढून छावणीत नेऊ लागले. त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी चापेकरांच्या गोळ्यांत झाला, तो इतिहास तुम्ही शिकालच. त्याच साथीत, १० मार्च १८९७ ला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुलाच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांना लागण झाली.

सरकारने मुंबईला एका शास्त्रज्ञाला पाठवले : वाल्डेमार हाफकिन. रशियन साम्राज्यातल्या ओडेसा शहरात जन्मलेले ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले, आणि १८९३ पासून हिंदुस्थानात पटकीची लस टोचत फिरणारे. त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. त्यांनी प्लेगचे जंतू मांसाच्या रश्श्यात वाढवले आणि वर चक्क तुपाचे थेंब तरंगत ठेवले, कारण तुपाला लटकून जंतू झुंबरासारखे खाली वाढत. मग ते उष्णतेने मारून लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, तीही नंतर इतरांना दिली त्यापेक्षा कितीतरी जास्त.

पण स्वतः जिवंत राहिलो याने लस गुणकारी आहे हे सिद्ध होत नाही. एकट्या माणसाला प्लेग झाला नाही, तर तो लशीमुळे की नशिबाने? पुन्हा तोच प्रश्न, न टोचलेल्यांचे काय झाले? १८९८ मध्ये बडोदे संस्थानातल्या उंढेरा नावाच्या, हजारएक वस्तीच्या गावात हाफकिन यांनी जे केले ते आम्हाला फार आवडते. गावातल्या अर्ध्या लोकांना लस टोचली, पण अर्धे गाव अलीकडचे आणि अर्धे पलीकडचे असे नाही. प्रत्येक घरातली साधारण निम्मी माणसे टोचली, निम्मी नाही. असे का, ते सांगा पाहू? घर तेच, उंदीर तेच, जेवण तेच, गरिबी तीच. फरक उरला तो फक्त लशीचा. जिथे प्लेग शिरला त्या घरांचा नंतर हिशेब मांडला, तो असा. न टोचलेली ६४ माणसे, त्यांतल्या २७ जणांना प्लेग झाला आणि २६ दगावली. टोचलेली ७१, त्यांतल्या ८ जणांना प्लेग झाला आणि ३ दगावली. शेकडा ४१ विरुद्ध शेकडा ४. लस पूर्ण कवच नव्हती, तीन जण गेलेच. आमच्या भातातही २८ पैकी ११ जण सुखरूप राहिले होते. ‘मी खाल्ला, मला कुठे काय झालं?’ किंवा ‘त्याने टोचून घेतलं तरी मेलाच ना!’ ही दोन्ही वाक्ये खरी असतात आणि दोन्ही काही सिद्ध करत नाहीत.

आणि मग हाफकिन यांच्यावर आमच्या श्रीखंडवाल्या काकूंसारखी पाळी आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ लोकांना लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका आला मुंबईच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिन यांच्यावर. लस बनवण्याच्या पद्धतीत त्यांनी बदल केला होता, त्यामुळेच घात झाला असे चौकशी समितीला वाटले आणि त्यांना कामावरून दूर केले. आता तुम्ही यादी करा. १९ जण मेले, पण ८८ जणांना काहीही झाले नाही. त्या १९ जणांत समान काय? ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. मग दोष लशीच्या पद्धतीचा की त्या एका बाटलीचा? गावात बाटल्या उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. बाटली मुंबईतच दूषित झाली असती तर उघडताना तिला दुर्गंधी यायला हवी होती, आणि उघडणाऱ्यांना ती आली नव्हती. एवढे उघड दिसत असूनही हाफकिन निर्दोष आहेत हे सरकारने मान्य करायला १९०७ साल उजाडले. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांच्या बाजूने लिहिले तेव्हा कुठे चाके हलली. पाच वर्षे! तीन रविवारांशी याची तुलना करणे बरे नव्हे, पण आम्हाला ती केल्यावाचून राहवत नाही.

आता माळावरच्या झोपड्यांकडे परत येऊ. सरकार घरे धूत होते, कार्बोलिकचे फवारे मारत होते, माणसांना वेगळे करत होते, आणि प्लेग हटत नव्हता. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले की प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून माणसांत येतो. कोणी फारसे मनावर घेतले नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत मुद्दाम छोट्या खोल्या बांधून प्रयोग झाले. प्लेगच्या पिसवा असलेल्या जागी गिनीपिगांचे पिंजरे टांगले : काही जमिनीपासून दोन इंचांवर, काही दोन फुटांवर. दोन इंचांवरचे प्लेगने मेले, दोन फुटांवरचे वाचले. पिसवेची उडी तेवढी जात नाही. हवा तर दोघांना तीच होती. उंदीर मेला, त्याचे अंग थंड झाले, की पिसवा नवे ऊबदार अंग शोधतात, आणि ते घरातल्या माणसाचे असते. म्हणजे उंदीर पडताच घर सोडून माळावर जाणारे आपले खापरपणजोबा बरोबर होते. त्यांनीही पिढ्यान् पिढ्या मनातल्या मनात तीच यादी केली होती : कोण घरात राहिले, कोण बाहेर पडले, कोण परत आले. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन यांचेच नाव आहे.

आमच्या कागदाचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. तो घेऊन आम्ही दोघे काकूंच्या घरी गेलो. आम्ही बरेच बोललो, टक्केवारी वगैरे समजावू लागलो. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, ‘हे मला कशाला दाखवता? ज्यांना फोन केलेत त्यांना दाखवा.’ म्हणून हा लेख. फोन आम्ही आठ घरी केले होते. त्या आठही घरी पुन्हा केले आहेत, पण ऐकीव गोष्ट तिथून पुढे आणखी किती घरी गेली ते आम्हाला माहीत नाही, आणि हा अंक सगळ्यांच्या घरी जातो.

काकू आणि मुले गेल्या रविवारपासून पुन्हा येऊ लागली आहेत. दिवाळीच्या फराळासाठी स्वयंपाकाची वाटणी शाळेच्या फळ्यावर लागेल. भात करणाऱ्यांनी त्याच दिवशी सकाळी करावा. आदल्या रात्री करायचाच असेल तर उथळ ताटांत पसरून निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. पातेले मावत नसेल तर कमी करावा. आमच्याकडे यंदा पापड आहेत.